गांवच्या नळामागील कोळसा

चैत्र महिना होता. झाडीपट्टींतील एका गांवीं कामानिमित्त जाणें झालें. गांवाच्या वेशीवर पाण्याची उंच टाकी नवा रंग देऊन उभी होती. परंतु टाकीखालच्या नळांस थेंब नव्हता आणि बायाबापड्या अर्ध्या कोसावरील हातपंपापाशीं घागरींची रांग लावून बसल्या होत्या. चौकशी करतां समजलें कीं, विहिरींत पाणी आहे, पंपही धड आहे. मात्र विजेचें देयक थकल्यामुळें जोडणी तुटली आहे. टाकीच्या पलीकडे दोनशें पावलांवर उन्हाळी धानाच्या बांध्या हिरव्यागार डोलत होत्या व त्यांस पाणी देणाऱ्या विंधन विहिरीची मोटर सुरू होती. गांवाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. अशीं गांवें चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत अनेक आहेत, आणि वाचकांपैकीं कित्येकांस आपलेंच गांव डोळ्यांपुढें दिसेल.

देयक थकलें हें वरवरचें कारण झालें. एवढें देयक आलेंच कां, हा खरा प्रश्न आहे. आणि तो विचारूं लागलें म्हणजे वाट थेट कोळशाच्या खाणीपर्यंत जाऊन पोंचते. गांवच्या नळांतून पडणाऱ्या प्रत्येक घागरीमागें थोडा कोळसा जळालेला असतो. पाणी जितक्या खोलून उपसावें, जितक्या लांब न्यावें व वाटेंत जितकें सांडावें, तितका तो कोळसा वाढतो. देयक वाढतें आणि हवेंत जाणारा धूरही वाढतो. देयक व धूर हीं एकाच वहीचीं दोन पानें आहेत. तीं दोन्ही हलकीं करण्याचा उपाय बहुतांशीं गांवाच्या, आणि त्यांतही जमीन बाळगणाऱ्या आपणां शेतकऱ्यांच्या हातांत आहे, हें या लेखांत दाखवावयाचें आहे.

विजेला पाणी व पाण्याला वीज

चंद्रपूरकरांस हा संबंध निराळा समजावून द्यावयास नको. दुर्गापूरच्या बाजूस असलेलें महाऔष्णिक विद्युत् केंद्र १९८३ पासून वीज निर्माण करीत आहे व आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. तेथील भट्ट्यांत दगडी कोळसा जळतो. त्या केंद्रास लागणारें पाणी इरई धरणांतून येतें, आणि चंद्रपूर शहराच्या नळांसही त्याच धरणाचें पाणी मिळतें. २०१० च्या उन्हाळ्यांत धरणांतील साठा इतका खालावला कीं, केंद्रांतील संच बंद ठेवण्याची पाळी आली. पाणी चढविण्यास वीज हवी आणि वीज काढण्यास पाणी हवें, असा हा फेरा आहे. एका बाजूची उधळपट्टी दुसऱ्या बाजूस टंचाई होऊन उगवते.

कोळसा जळतांना कर्बवायु, म्हणजे ज्यास आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतों तो वायु, हवेंत जातो. जलविद्युत्, वारा, सूर्य इत्यादि साधनांची वीज हिशेबांत मिसळून देशाची सरासरी काढली, तरी केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या गणनेप्रमाणें एका युनिटामागें सुमारें ०.७ किलो कर्बवायु पडतो. हा वायु दिसत नाहीं, त्यास वासही नाहीं; परंतु गोधडीनें अंगाची ऊब धरून ठेवावी, त्याप्रमाणें तो जमिनीची उष्णता आकाशांत जाऊं न देतां धरून ठेवतो. कारखान्यांचें युग सुरू होण्यापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारें २८० भाग होते. आतां ते ४२० च्या वर गेले आहेत.

याचा परिणाम धानाच्या शेतकऱ्यास पुस्तकांतून शिकावा लागत नाहीं. आपल्या भागांत पाऊस कमी नाहीं. वर्षास सरासरी १२०० मिलिमीटरांहून अधिक पडतो. परंतु तो केव्हां व कसा पडेल याचा भरंवसा उरलेला नाहीं. रोवणीच्या वेळीं पऱ्हे वाळावेत आणि धान निसवतांना दोन दिवसांत तलाव फुटावेत, असे प्रसंग वारंवार येऊं लागले आहेत. मध्य भारतांत विस्तृत प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळांत सुमारें तिपटीनें वाढल्या, असें हवामानशास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें आहे. म्हणून हवेंतील कर्बवायु हा परदेशांतील परिषदांचाच विषय नसून आपल्या बांधीचाही विषय आहे.

हिशेब मांडून पाहूं

एक हजार लिटर पाणी एक मीटर उंच उचलण्यास ०.००२७ युनिट शक्ति लागते. हा सृष्टीचा नियम आहे. त्यांत कोणास सूट नाहीं. दहा मीटरांस ०.०२७ व पन्नास मीटरांस सुमारें ०.१३६ युनिट. परंतु मोटर व पंप मिळालेली सर्व शक्ति पाण्यास देत नाहींत. कांहीं शक्ति उष्णतेंत जाते, कांहीं घर्षणांत. म्हणून प्रत्यक्ष खर्च याच्या दुप्पट, अडीचपट व कधीं चौपटही होतो.

आतां दोन हजार वस्तीचें एक गांव घेऊं. २०१९ सालीं सुरू झालेल्या जल जीवन मिशनच्या मापाप्रमाणें माणशीं रोज ५५ लिटर धरल्यास दिवसास १,१०,००० लिटर, म्हणजे ११० घनमीटर पाणी लागेल. विहिरींतील पाणी उन्हाळ्यांत जमिनीखालीं २५ मीटर, टाकीचा माथा जमिनीवर १५ मीटर आणि नळांतील घर्षणाचा भार १० मीटर धरूं. एकूण चढ ५० मीटर झाला. पंप व मोटर मिळून शेंकडा ४० काम देत असतील, तर हजार लिटरांमागें ०.३४ युनिट पडतें व ११० घनमीटरांस रोज साडेसदतीस युनिट वीज लागते. शिवाय शेंकडा ३० पाणी वाटेंत गळत असेल, तर घरोघरीं ११० घनमीटर पोंचविण्यासाठीं १५७ घनमीटर उपसावें लागेल आणि रोजचा खर्च ५३ युनिटांवर जाईल. वर्षाची बेरीज साडेएकोणीस हजार युनिटांच्या घरांत जाते व त्यामागें साडेतेरा टन कर्बवायु हवेंत मिसळतो.

त्याच गांवानें विहिरीची पातळी १० मीटर वर राखली, योग्य मापाच्या नळानें घर्षणाचा भार निम्म्यावर आणला, पंप दुरुस्त करून त्याचें काम शेंकडा ५५ वर नेलें व गळती शेंकडा १० वर आणली, असें समजा. मग चढ ३५ मीटर राहतो, हजार लिटरांमागें ०.१७ युनिट पडतें आणि रोजचा खर्च २१ युनिटांवर येतो. पाणी तितकेंच, घागरी तितक्याच. वीज मात्र दोन-पंचमांश. वर्षास अकरा हजारांहून अधिक युनिट व सुमारें आठ टन कर्बवायु वांचतो. हे आंकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकानें आपल्या गांवाची वस्ती, विहिरीची खोली व टाकीची उंची घालून हाच हिशेब पुन्हां मांडावा.

एका गांवाचे आठ टन ते किती, असें कोणी म्हणेल. महाराष्ट्रांत गांवें चाळीस हजारांहून अधिक आहेत, हें त्यास उत्तर आहे. आणि तेंही पुरें न वाटलें, तर वर्षाचें देयक दोन-पंचमांशावर आलें असतां चैत्रांत जोडणी तुटत नाहीं, हें दुसरें उत्तर आहे.

चढ मोठा असला म्हणजे काय होतें, हें पाहावयास सिरोंच्यापलीकडे दृष्टि टाकावी. आपल्या वर्धा, वैनगंगा व प्राणहिता या नद्यांचें पाणी गोदावरीस मिळाल्यावर तें पंपांनीं वर चढविण्यासाठीं तेलंगणानें काळेश्वरम् योजना केली व तिचें उद्घाटन २०१९ सालीं झालें. त्या योजनेच्या एकट्या एका पंपगृहांत १३९ मेगावॅटचीं सात यंत्रें बसविलीं आहेत. तीं सातही एकदम चालविलीं, तर ९७३ मेगावॅट वीज लागेल. ही वीज चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राच्या क्षमतेच्या एक-तृतीयांश आहे. गांवच्या टाकीची व त्या योजनेची बरोबरी नाहीं. परंतु नियम दोहोंस एकच आहे. खालून वर नेलेल्या प्रत्येक थेंबाचें मोल द्यावें लागतें, आणि तें एकदां देऊन भागत नाहीं. रोज द्यावें लागतें.

चढ वाढविला कोणीं?

आपल्या पूर्वजांपाशीं पंप नव्हते, म्हणून त्यांनीं उतार शोधला. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें आजच्या छत्रपती संभाजीनगरांत नहर आणली. बऱ्हाणपुरास त्याच सुमारास, १६१५ मध्यें, भूमिगत कुंडी भंडारा सिद्ध झाला. अठराव्या शतकांत नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावाचें पाणी नळानें पुण्यांत खेळविलें. तिन्ही ठिकाणीं पाणी आपल्याच वजनानें चालत आलें.

झाडीपट्टीनें तर ही विद्या गांवोगांव नेली. गोंड राजांच्या आश्रयानें कोहळी समाजांतील जाणत्या शेतकऱ्यांनीं टेकड्यांच्या पायथ्याशीं पाळी घातल्या, सांडवे बांधले, पाट काढले. वरच्या तलावाचें सांडलेलें पाणी खालच्या तलावांत व तेथून बोडींत पडावें, अशी मांडणी केली. मालगुजारांच्या ताब्यांत राहिल्यामुळें यांस मालगुजारी तलाव म्हणूं लागले. पूर्व विदर्भांत असे तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले व ‘माजी मालगुजारी’ या नांवाचीं अक्षरें घेऊन लोक त्यांस ‘मामा तलाव’ म्हणूं लागले. मालक बदलला, पण त्याबरोबर पाळीची डागडुजी, गाळ काढणें व पाटांची सफाई या कामांचा धनीही हरपला. पुष्कळ तलाव गाळानें उथळ झाले, कित्येकांच्या पोटांत अतिक्रमणें झालीं.

या तलावांचा विचार आपण धानाच्या ओलितापुरताच करतों. वास्तविक गांवच्या पिण्याच्या विहिरीचाही तोच पोशिंदा आहे. तलावांत साठलेलें पाणी पाळीखालून व पोटांतून हळूहळू झिरपतें आणि खालच्या अंगाच्या विहिरींची पातळी उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवतें. तलाव गाळानें भरला म्हणजे साठा कमी झाला, तळ बुजला, झिरपा थांबला व विहिरीचें पाणी खालीं गेलें. वर मांडलेल्या हिशेबांतील दहा मीटर येथूनच येतात किंवा जातात. तलावांतून काढलेला गाळ बांधींत टाकला, तर शेतासही तो लाभतो. २०१७ पासून सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजनाही याच धोरणाची आहे. एका कामांत शेताची सुपीकता, विहिरीची पातळी व विजेची काटकसर अशा तीन गोष्टी साधतात.

आतां दुसरें कारण, आणि तें सांगतांना आपण आपल्याकडेच बोट दाखविलें पाहिजे. उन्हाळी धानास पाणी फार लागतें. तें विंधन विहिरींतून उपसलें जातें, व शेजारच्या सार्वजनिक विहिरीचें पाणी त्या ओढीनें खालीं जातें. मग ग्रामपंचायत विहीर खोल करते किंवा नवी विंधन विहीर घेते, तेथें मोठी मोटर बसते, देयक वाढतें, तें थकतें. खोल खडकांतील पाण्याचा आणखी एक धोका आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील कांहीं गांवांच्या भूजलांत फ्लोराइडचें प्रमाण अधिक आढळलें आहे, लिटरांत १.५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर तें गेलें कीं दांत व हाडें यांस अपाय होतो. अधिक वीज खर्चून अधिक वाईट पाणी वर आणावें, असा हा व्यवहार होऊन बसतो.

कायद्यानें ही गोष्ट पूर्वींच ओळखली आहे. महाराष्ट्राच्या १९९३ च्या कायद्यानें सार्वजनिक पेयजलाच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर खोदण्यास मनाई केली. पुढें २००९ च्या अधिक व्यापक भूजल कायद्यानें त्याची जागा घेतली. परंतु कायदा कपाटांत राहतो आणि मोटर शेतांत चालते. शेजारच्या घरीं घागर रिकामी असतां आपली बांधी भरणें हें आपल्या रीतीस शोभणारें नाहीं, एवढें ज्यास पटेल, त्यास कायद्याची धमकी लागूं नये.

गळती, नळ आणि पंप

पातळी राखल्यावर पुढची काळजी वाटेची. गळालेलें पाणी म्हणजे गळालेली वीज. टाकी भरून ठेवून रात्रीं सर्व व्हॉल्व्ह बंद करावेत व पातळीची खूण करावी. पहाटे पाणी उतरलेलें दिसलें, तर टाकी किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे. त्यानंतर एकेक आळीचा व्हॉल्व्ह रात्रीं उघडून तीच परीक्षा करावी, म्हणजे गळती कोणत्या आळींत आहे हें कळेल. यास इंजिनियर लागत नाहीं. खडू आणि कंदील पुरतो.

नळाच्या जाडीकडे बहुधा दुर्लक्ष होतें. त्याच नळांतून दुप्पट वेगानें पाणी ढकललें, तर घर्षण दुप्पट होत नाहीं. तें जवळजवळ चौपट होतें. यास्तव विहिरीपासून टाकीपर्यंतचा नळ बारीक ठेवून मोठी मोटर बसविणें म्हणजे पैसा वांचविण्याच्या नांवाखालीं रोज दंड भरणें होय. नळ जाड घ्यावा, मोटर बेताची घ्यावी आणि ती अधिक वेळ चालवावी. दोन तासांत टाकी भरण्याची घाई कोणाच्या कामाची नाहीं.

पंपाविषयीं आपल्याकडे एक समजूत रूढ आहे कीं, अश्वशक्ति जितकी अधिक तितकें चांगलें. ही समजूत महागांत पडते. प्रत्येक पंप विशिष्ट चढासाठीं बनविलेला असतो. त्याहून फार कमी किंवा फार अधिक चढावर तो लावला, तर वीज खातो आणि पाणी थोडें देतो. पंप घेतांना विहिरीची उन्हाळी पातळी, टाकीची उंची, नळाची लांबी व जाडी कागदावर लिहून न्यावी आणि त्या चढाचाच पंप मागावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या ताऱ्यांचें चिन्ह असलेले पंप मिळतात. अधिक ताऱ्यांचा पंप घेतांना थोडा महाग पडला, तरी तो ती किंमत देयकांतून परत करतो. कपॅसिटर जळाला असल्यास लगेच बदलावा. मोटर पुन्हां पुन्हां गुंडाळून घेतली, तर तिचें काम उतरत जातें हेंही लक्षांत ठेवावें.

पंपाचा कस काढण्याची सोपी रीत अशी. टाकी रिकामी असतां विजेच्या मीटरचा आंकडा टिपावा, टाकी भरावी, पुन्हां आंकडा टिपावा. खर्च झालेल्या युनिटांस टाकींतील हजार लिटरांच्या संख्येनें भागावें. हजार लिटरांमागचा खर्च निघेल. दुसरीकडे एकूण चढ मीटरांत काढून त्यास ०.००२७ नें गुणावें. पहिला आंकडा दुसऱ्याच्या दुपटीच्या आंत असेल, तर पंप उत्तम. तिपटीच्या जवळ असेल, तर दुरुस्तीस आला. चौपट असेल, तर तो पंप गांवाचा पैसा व हवा दोन्ही नासतो आहे. ही परीक्षा वर्षांतून दोनदां, कार्तिकांत व वैशाखांत करावी.

सूर्यावर चालणारी विहीर

गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाचा. पन्नास-शंभर घरांचे टोले रानांत विखुरलेले. तेथें विजेची तार नेणें कठीण आणि नेली तरी वादळांत ती टिकणें कठीण. या अडचणींतूनच एक चांगली युक्ति पुढें आली. एकाच विंधन विहिरींत हातपंप व पाणबुडी पंप दोन्ही बसवावयाचे. पाणबुडी पंप सौर पट्ट्यांवर चालवावयाचा. शेजारीं लोखंडी मनोऱ्यावर पांच हजार लिटरांची टाकी ठेवावयाची व तिच्यांतून वस्तीस नळ द्यावयाचे. ऊन नसलें किंवा यंत्र बिघडलें, तरी हातपंप आहेच. यास दुहेरी पंप योजना म्हणतात. २०१० नंतरच्या दशकांत केंद्र सरकारनें देशांतील नक्षलप्रभावित जिल्ह्यांसाठीं अशा दहा हजार योजनांचा कार्यक्रम आंखला, व त्यास राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधींतून मदत दिली. हा निधि कोठून आला, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. २०१० सालीं कोळशावर टनामागें ५० रुपये उपकर बसविला गेला, त्यांतून तो उभा राहिला. कोळशानेंच रानांतल्या वस्तीस सूर्यावरचा पंप दिला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या योजनेंत शिकण्यासारखी मुख्य गोष्ट ही कीं, तिला वीज साठविणारी बॅटरी नाहीं. उन्हांत पाणी वर चढवून ठेवलें म्हणजे झालें. टाकी हेंच तिचें साठवण. मोठ्या गांवांसही हें लागू आहे. विहीर दिवसा, उन्हाच्या वेळीं उपसावी. टाकी मोठी ठेवावी. रात्रीं व पहाटे पाणी उतारानें द्यावें.

परंतु सौर पट्ट्या बसविल्या म्हणजे बाकीची काळजी संपली, असें समजूं नये. विदर्भांत एक किलोवॅटच्या पट्ट्यांपासून दिवसास सरासरी चार युनिट वीज मिळते. वरील गांवास आजच्या स्थितींत ५३ युनिट लागतात. त्यास तेरा किलोवॅटच्या पट्ट्या हव्यात. तेंच गांव २१ युनिटांवर आलें, तर साडेपांच किलोवॅट पुरतात. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधीं पातळी, मग गळती, मग पंप व नळ, आणि शेवटीं सूर्य. हा क्रम उलटा केला, तर गळक्या नळास सोन्याची तोटी बसविल्यासारखें होईल.

दुसरें असें कीं, सौर पट्ट्यांस राखण लागते. झाडाची सावली एका कोपऱ्यावर पडली, तरी सबंध रांगेचें काम उतरतें. उन्हाळ्यांत धूळ बसते, पानें व पक्ष्यांची घाण पडते. पंधरवड्यास एकदां सकाळीं थंड वेळीं त्या पाण्यानें पुसाव्या. टाकी भरतांच पंप आपोआप बंद होईल अशी तरंगती कळ असावी. ऊन फुकट आहे म्हणून पंप दिवसभर चालूं राहिला व टाकीवरून पाणी वाहत राहिलें, तर देयक येणार नाहीं. पण विहीर रिकामी होईल, आणि तें देयक पुढच्या पिढीस भरावें लागेल. सौर कृषिपंप घेणाऱ्या आपण शेतकऱ्यांनींही हेंच स्मरावें.

ग्रामसभेपुढें ठेवण्याच्या गोष्टी

धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवानें ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ हा बाणा धरून आपलें रान राखलें, आणि २००९ सालीं देशांत अगदीं प्रथम सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या गांवांत त्याची गणना झाली. तेथें निर्णय सर्वांच्या संमतीनें होतात. रानाचा हिशेब जें गांव ठेवूं शकतें, तें पाण्याचा व विजेचाही ठेवूं शकेल. यासाठीं पुढील गोष्टी आपल्या ग्रामसभेंत मांडाव्या, अशी वाचकांस विनंति आहे.

१. सार्वजनिक विहिरीची पातळी दर महिन्यास दोरीनें मोजून पंचायतीच्या फळ्यावर लिहावी.

२. पाणीपुरवठ्याच्या मीटरचा आंकडा, उपसलेलें पाणी व देयकाची रक्कम एकाच वहींत टिपावी. हजार लिटरांमागें किती युनिट, हा आंकडा दर ग्रामसभेंत वाचून दाखवावा.

३. सार्वजनिक विहिरीच्या वरच्या अंगास जो तलाव वा बोडी असेल, तिच्यांतील गाळ प्रथम काढावा. गाळ नेणाऱ्यानें आपला वाहनखर्च सोसावा.

४. सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरांच्या आंत ज्यांच्या विंधन विहिरी असतील, त्यांनीं होळीपासून मृगापर्यंत उपशाची वेळ आपसांत ठरवून घ्यावी; त्या पट्ट्यांत उन्हाळी धानाऐवजीं हरभरा, लाखोळी, जवस अशीं रबीचीं थोड्या पाण्याचीं पिकें घेऊन होळीपूर्वीं रान मोकळें करावें.

५. गळतीची परीक्षा व पंपाचा कस वर्षांतून दोनदां काढावा. तो काढल्यावांचून नवी मोटर अथवा सौर पट्ट्या घेऊं नयेत.

६. पाणीपट्टी सुगीच्या दिवसांत, घरांत पैसा असतां गोळा करावी. उन्हाळ्याचें देयक भरण्यापुरती रक्कम निराळी काढून ठेवावी.

यांतील चौथें कलम सर्वांत जड आहे, आणि तें आपणांवरच पडतें हें लेखकास ठाऊक आहे. उन्हाळी धानाचा पैसा ज्यानें एकदां पाहिला, त्यास हरभऱ्यावर समाधान मानावयास सांगणें सोपें नाहीं. परंतु हिशेब दोन्ही बाजूंनीं पाहिला पाहिजे. पातळी दरसाल खालीं गेली, तर आज जी विंधन विहीर आपली बांधी भरते, तीच उद्यां आपल्यास अधिक खोल करावी लागेल. मोटर मोठी, देयक मोठें आणि भरंवसा थोडा. सार्वजनिक विहीर ही गांवांतील पहिली विहीर आहे. ती आटली कीं आपल्या विहिरीची पाळी दूर नसते.

मोठ्या केंद्रांतील कोळसा कमी जाळणें हें सरकारांचें व कंपन्यांचें काम आहे, व तें त्यांनीं करावेंच. पण आपल्या टाकीमागें किती कोळसा जळावा, हें विहिरीची पातळी ठरवते, आणि विहिरीची पातळी तलाव व आपल्या मोटरी ठरवतात. ज्या गांवांत वरचा तलाव भरलेला, नळ न गळणारे व पंप बेताचा, तेथें चैत्रांत घागरींची रांग लागणार नाहीं. यंदा वैशाखांत पहिली गाडी गाळाची भरतांना ही गोष्ट शेजाऱ्यास सांगावी.